उत्तर बुरूज

आमच्या सरांच्या घराला दरसाल बैसाखात वेढा पडायचा.

शाळेला सुट्या लागल्या, की सर फाटकाला बोरीच्या काट्या लावून घ्यायचे, अंगणातला रांजण काठोकाठ भरून ठेवायचे आणि नऊ दिवस घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. खायचं काय, तर पातळ भात आणि लाखोरीची डाळ, तीही मोजून दोन मुठी. इंग्रजांच्या फौजेने आमच्या गावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आतल्या लोकांना एवढंच मिळत होतं, असं त्यांचं म्हणणं. वेढा नऊ दिवसांचा होता की अकरा, हे खुद्द सरांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, बजावून ठेवलं होतं, "नवाच्या वर एक दिवस गेला तं मी इंग्रजायकडं निघून जाईन." म्हणून नऊ.

पोस्टमन आला की सर खिडकीतून ओरडायचे, "दोस्त का दुश्मन?" तो बिचारा सायकलवरूनच म्हणायचा, "पोस्टमन आहो जी!" आणि पत्र काट्यांवरून आत फेकायचा. आम्ही पोरं रस्त्यावर उभी राहून पोट धरून हसायचो.

आता हसू येत नाही. सरांचा लांब बांबू आता माझ्या घराच्या कोपऱ्यात उभा आहे. मी तशी फटकळ बाई. मच्छीमार संस्थेच्या मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प बसवते. पण त्या बांबूपुढे माझं तोंड चालत नाही.

सर मूळचे कोंढ्याकडचे. आमच्या शाळेत इतिहास शिकवायला आले आणि इथलेच होऊन गेले. गाव वैनगंगेच्या काठचं. किल्ला म्हणजे काय, तर एक दगडी दरवाजा, मातीचा परकोट, चार कोपऱ्यांना चार बुरूज आणि भोवती खंदक. आत शेळ्या चरतात, पोरी बोरं वेचतात. बाहेरचा माणूस बघून म्हणेल, यात काय पाहायचं? पण सरांसाठी तिथे लढाई अजून सुरूच होती. ते कधी 'होता', 'होते' म्हणायचेच नाहीत. "आज पाचवा दिवस. तोफा अजून नदीपलीकडे आहेत. आतल्या बाया भिंतीच्या भगदाडात माती भरत आहेत." असं शिकवायचे, की मागच्या बाकावर झोपलेला पोरगाही उठून खिडकीबाहेर बघायचा.

हजेरीसुद्धा त्यांची वेगळीच. वर्गाचे चार भाग, चार बुरूज. सकाळी रजिस्टर उघडून सर आवाज द्यायचे, "पूर्व बुरूज?" त्या रांगेचा नायक उभा राहून ओरडायचा, "जागा आहे, सर!" मग पुढचा. एखाद्या रांगेत दोन-तीन पोरं गैरहजर असली की सर मान हलवायचे. "पश्चिम बुरूज कमजोर पडला. आज तिकडूनच येतील." आणि गैरहजर पोरांच्या घरी दुपारी सायकल जायची. त्या धाकाने आमच्या वर्गात कोणी शाळा बुडवत नसे.

आठवीत मी उत्तर बुरुजाची नायक होते. वर्गात सगळ्यात मोठा आवाज माझाच. असणारच, मी ढिवराची पोर. तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवरच्या बापाला हाक मारून मारून आवाज कमावलेला. आमच्या सात पिढ्या त्याच तलावात, त्याच खंदकात जाळं टाकत आल्या.

आणि आमच्याच सात पिढ्या दसऱ्याला त्या दरवाजाच्या बाहेर उभ्या राहत आल्या.

आमच्या गावात दसऱ्याचं सोनं किल्ल्याच्या आत वाटतात. सारा गाव दरवाजातून आत जातो, पाटील पहिलं पान देतात, मग एकमेकांच्या गळाभेटी. ढिवरांची घरं मात्र उंबऱ्याच्या बाहेर थांबतात. आतले लोक बाहेर आले की त्यांनाही सोनं मिळतं, कोणी तुटक बोलत नाही, हसून गळाभेटही होते. फक्त आत जायचं नाही. का, म्हणून विचारलं तर जो तो एकच सांगायचा: किल्ला फितुरीने पडला. खंदक कोणाला पार होत नव्हता. एका ढिवराने उत्तर बुरुजाखालची उथळ वाट इंग्रजांना दाखवली. तेव्हापासून असं आहे.

एरवी किल्ल्यात कोणीही जावं, कोणी अडवत नव्हतं. मी स्वतः शेकडो वेळा आत जाऊन बोरं खाल्ली. पण माझे बाबा कधीच गेले नाहीत. शेळी आत घुसली तरी ते बाहेरून हाका मारत उभे राहायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, दसऱ्याचं सोडा, आज कोन पाहून राहिलं? चाला न आत." बाबा म्हणाले, "चोरावानी कायले जाऊ? ज्या दिवशी दसऱ्याले बलावतील त्या दिवशी जाईन. नाही बलावलं तं नाही जाईन." दर दसऱ्याला ते धुतलेलं धोतर नेसून उंबऱ्यापासून चार हातांवर उभे राहायचे. आतला गलका ऐकायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. आठवीतच, वेढ्याचा शेवटचा धडा. सर रंगात आलेले. फळ्यावर किल्ला काढलेला, चारही बुरूज, खंदकाला निळा खडू. आवाज खाली आणून म्हणाले, "नववा दिवस. भिंत अजून उभी आहे. आणि तेवढ्यात पहाटे एक ढिवर खंदकात उतरतो आणि शत्रूला वाट दाखवतो." निळ्या खंदकावर त्यांनी पांढरी रेघ ओढली, थेट उत्तर बुरुजापर्यंत. सारा वर्ग वळून माझ्याकडे पाहू लागला.

मी उभी राहिले. आवाज तोच. "सर, त्याचं नाव काय होतं?"

सर म्हणाले, "नाव कोणाला ठाऊक नाही, बेटा."

"नाव ठाऊक नाही, मंग जात कशी ठाऊक?"

सरांचा हात फळ्यावरच राहिला. मग खडू टेबलावर ठेवून तास संपायच्या आधीच वर्गातून निघून गेले. मला वाटलं, आता छड्या बसणार. माझ्या शेजारणीने तर रडायलाच सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला सरांनी नेहमीसारखा आवाज दिला, "उत्तर बुरूज?" मी उभी राहिले नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "ज्या किल्ल्यात माझ्या बापाले जागा नाही, त्याचा पहारा मी नाही देत." सरांनी मान खाली घातली आणि रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. गैरहजेरी नव्हती मांडली. जागा कोरी सोडली होती.

त्यानंतर दहावीपर्यंत दर सकाळी त्यांनी "उत्तर बुरूज?" विचारलं, दर सकाळी मी गप्प बसले आणि दर सकाळी ते थोडं थांबून पुढे गेले. दुसरा नायक त्यांनी केला नाही. काय जिद्दी माणूस, आणि काय जिद्दी मी!

मी पहिल्यांदा हजेरी नाकारली, त्याच दिवशी संध्याकाळी सर आमच्या घरी आले. बाबा मोहाच्या झाडाखाली जाळं सांधत बसले होते. त्यांनी खाट पुढे केली, सर बसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोरीनं मले सवाल केला. माझ्यापाशी उत्तर नाही."

"पोरगी आगाऊ आहे, सर. माफी असू द्या."

"माफी मीच मागाले आलो." मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "बैसाखात खंदकात पानी किती राहते?"

बाबांनी सुई थांबवली नाही. "कोठी कंबर, कोठी छाती. म्हशी बसून राहतात."

"मंग वाट कायले दाखवा लागते?"

"हे मले इचारू नका सर. मी ढिवर आहो. मी सांगतलं तं कोन मानते? तुमीच मोजा."

झालं. तिथून तो बांबू सुरू झाला. वितीवितीवर लाल रंगाचे पट्टे मारलेला, माणसाच्या दीडपट उंच, सायकलला आडवा बांधलेला. दर रविवारी सकाळी सर खंदकाच्या काठाकाठाने फिरायचे, बांबू पाण्यात रोवायचे आणि वहीत लिहायचे. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, निवृत्त झाले तरी. पाऊस असो, ऊन असो. सायकलवरचा तो बांबू एकदा बैलाला लागला, एकदा वरातीतल्या बँडवाल्याला. लोक दुरूनच ओरडायचे, "बाजूले व्हा रे, बांबूमास्तर आला!"

अजून एक खूळ होतं. किल्ल्याच्या दरवाजाशी एक फलक होता. त्यावर किल्ल्याची माहिती होती आणि शेवटची ओळ होती, 'फितुरीमुळे किल्ला पडला.' तो फलक तरुणपणी खुद्द सरांनीच रंगवला होता. आता ते चुन्याची बादली घेऊन जायचे आणि ती ओळ पुसून यायचे. पाटील दसऱ्याआधी माणूस लावून ती पुन्हा लिहून घ्यायचे. दसरा झाला की सर पुन्हा पुसायचे. पाटील रस्त्यात भेटले की म्हणायचे, "मास्तर, चुना सरला असन तं सांगा, पाठवतो." सर हात जोडून म्हणायचे, "पाठवा जी, खूप लागनार आहे."

वर्गात शिकवतानाही ते बदलले होते. कोणतीही गोष्ट सांगितली की फळ्यावर तीन प्रश्न लिहायचे: नाव काय? कोणी पाहिलं? कुठून पाहिलं? माझ्यामागच्या वर्गातली पोरं अजूनही गावात कोणी अफवा आणली की हेच तीन प्रश्न विचारतात आणि समोरच्याला हैराण करतात.

दहा-बारा वर्षांमागची गोष्ट, मी मच्छीमार संस्थेत नुकतीच कामाला लागले होते. त्या वर्षी सरांनी बैसाखातल्या वेढ्याच्या नवव्या दिवशी फाटकाच्या काट्या काढल्या आणि गावभर सांगितलं, की आपण खंदक चालत पार करणार. जिथून म्हणाल तिथून. सरांना पोहता येत नव्हतं. आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेला माणूस!

बाबा धावत त्यांच्या घरी गेले, दोराचं भेंडोळं खांद्यावर घेऊन. "मी काठावर राहतो सर. पाय घसरला तं खेचून घेईन." सर म्हणाले, "नाही भाऊ. तुमी येऊच नका. काठावर एक ढिवर दिसला, तं म्हनतील वाट यानंच दाखवली." बाबांचं तोंड उतरलं. ज्या माणसाने बुडणारी किती माणसं काढली, तो त्या दिवशी मांडीवर दोर घेऊन घरात बसून राहिला. मीही ढिवराचीच, म्हणून मी लांब, रस्त्यावरच्या चिंचेखाली उभी राहिले.

काठावर शंभरेक माणसं जमली होती. पाटलांनी मिशीत हसत जागा दाखवली, "दक्षिन बुरजाखाली उतरा. तठी हत्ती बुडन." सरांनी चपला काढल्या, वही टोपीत ठेवली, टोपी घट्ट बसवली आणि बांबू धरून पाण्यात पाय टाकला. कंबर. छाती. लोक हसत होते. मग पाणी हनुवटीला लागलं आणि हसणं थांबलं. मध्यावर टोपी एकदम खाली गेली. फक्त बांबू दिसत होता, तोही कलायला लागला. मी चिंचेचं खोड असं काही दाबून धरलं, की नखं मोडली. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं.

मग टोपी वर आली. सर खोकत खोकत पलीकडच्या भिंतीला टेकले, श्वास घेतला, आणि कोणी काही म्हणायच्या आत पुढच्या बुरुजाखाली जाऊन पुन्हा पाण्यात उतरले. असं चार वेळा. चौथी खेप उत्तर बुरुजाखालची. बाहेर आले तेव्हा अंगावर शेवाळ, दम लागलेला, एका पायातून रक्त.

पाटील म्हणाले, "आताचं ठीक आहे, मास्तर. तवा पानी जास्त होतं. तवाचं कोनाले ठाऊक?"

सर धापा टाकत म्हणाले, "तवाचं पानी ठाऊक नाही, आन तवाचा ढिवर ठाऊक आहे?"

माणसं पांगली. चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत एकच चर्चा, मास्तर सटकला. त्या दिवशी बाबांनी मोठी मरळ पकडून काकूंकडे पाठवली. काकू म्हणाल्या, "पहिल्यांदा आमचा वेढा मच्छीवर सुटला."

बदललं काहीच नाही. मला इतका संताप आला होता, की मी सरांना म्हटलं, "एवढं जीवावर उदार होऊन काय भेटलं? हे लोक कधी मानत नाहीत." सर ओट्यावर पायाला पट्टी बांधत होते. म्हणाले, "रागावू नको, बेटा. हरलो म्हनाची गावाले लाज वाटते. भुकेली माणसं नऊ दिवस लढली, तोफांपुढं भिंत पडली, हरली. याच्यात लाज कायची? पन एक फितूर सापडला, का ती हार आपली राहत नाही. त्याची होते. मीच तर किती वर्षं शिकवलं हे."

त्या वर्षीच्या दसऱ्याला सर आत गेले नाहीत. बाबांच्या शेजारी, उंबऱ्यापासून चार हातांवर, उभे राहिले. पाटलांनी आतून हाक मारली, "मास्तर, पान घ्या न!" सर म्हणाले, "या भावासंग घेईन." त्यानंतर ते दर दसऱ्याला बाहेरच. दोघं म्हातारे शेजारी शेजारी, एकाच्या हातात काठी, एकाच्या हातात बांबू. फारसं बोलायचे नाहीत. बाबा मधूनच म्हणायचे, "औंदा पानी बरं आहे." सर म्हणायचे, "चार वीत जास्त."

मागच्या बैसाखात सर गेले. छातीचा आजार होता. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते, पण खिडकीकडे बघून "तोफा कुठवर आल्या?" असं विचारायचे. मी भेटायला गेले तेव्हा काकू पेज भरवत होत्या. सरांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी वर्गातल्यासारखं विचारलं, "उत्तर बुरूज?"

मी आता चाळिशीला आलेली बाई. दोन शब्द बोलायचे होते. मरणाच्या दारातल्या माणसाला दोन शब्द! पण दसऱ्याला बाबा अजून किल्ल्याबाहेरच उभे राहत होते, आणि खोटी हजेरी सरांना चालली नसती. मी म्हटलं, "पेज घ्या, सर." ते थोडा वेळ थांबले, वर्गात थांबायचे तसेच. मग हसले आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेले. मी बरोबर केलं की चूक, हे मला अजून समजलेलं नाही, आणि आठवलं की रडू येतं.

काकूंनी बांबू माझ्याकडे दिला. "वह्या शाळेत देईन. हा तुह्यापाशी असू दे," म्हणाल्या.

मग दसरा आला. मी बाबांना हाताला धरून नेलं. आता त्यांना कमी दिसतं, गुडघे धरतात, पण धोतर धुतलेलंच. बांबू मी टेकायला दिला होता. बघते तर उंबऱ्याबाहेर सरांच्या जागी काकू उभ्या. ज्या बाईने जन्मभर त्या वेढ्याला शिव्या घातल्या, ती! मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "त्यायची जागा रिकामी कशी ठेवू?" मग शिंप्याचा पोरगा आला, पूर्व बुरुजाचा नायक. आत न जाता काकूंच्या मागे उभा राहिला. मग वर्गातले अजून चौघं. मग आमच्या मागच्या वर्गातले. दिघोरीला दिलेली माझी रडकी शेजारीण माहेरी आली होती, तीही. कोणी ठरवलं नव्हतं. बाहेरची गर्दी आतल्यापेक्षा मोठी झाली.

माझं लक्ष फलकाकडे गेलं. शेवटच्या ओळीवर सरांचा चुना तसाच होता. या वर्षी कोणी लिहिलं नव्हतं.

आतला गलका थांबला. पाटील काठी टेकत दरवाजात आले. तेही आता थकले आहेत. बाबांच्या पुढ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "चाल भाऊ, आत चाल."

बाबा जागचे हलले नाहीत. "कोनाच्या म्हनन्यावरून?"

"माह्या." पाटलांनी फलकावरच्या चुन्याकडे पाहिलं. "मास्तरची टोपी पान्यात गेली, तवाच मले समजलं होतं. तोंडातून निघालं नाही. दहा-बारा वर्स नाही निघालं."

"सर असतानी बोलाचं होतं," बाबा म्हणाले. तेवढंच. पाटलांनी मान खाली घातली. मला वाटलं, बाबा आता घराकडे वळतात. पण काकू म्हणाल्या, "जा न भाऊ. त्यायचं काम अर्धं ठेवता का?"

बाबांनी चपला काढल्या आणि बांबू टेकत उंबरा ओलांडला.

आत त्यांनी पहिलं पान घेतलं, गळाभेटी घेतल्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. माझ्या कानाशी म्हणाले, "तुहा बुरूज कोनता व?" मी त्यांना पायऱ्या चढवत उत्तर बुरुजावर नेलं. धापा टाकत ते काठाशी उभे राहिले. खाली खंदक भरलेला, शिंगाड्याचा वेल पसरलेला. बाबा डोळ्यांवर हात धरून खूप वेळ बघत राहिले.

"ते पाह्य, तठी," ते म्हणाले. "बैसाखात मी रोज पाहाटे तठीच जाळं टाकत आलो. माहा बा बी तठीच टाके. पानी कमरेएवढं, म्हनून. अठून आमची पाठ दिसत असन." त्यांनी बांबू तिकडे रोखला. "त्या पाहाटी बी कोनी ढिवर तठी उभा असन, पोट भराले. अठल्या भुकेल्या मानसानं तो पाहिला असन, आन मांगून फौज आली. बस, पोरी. एवढंच झालं असन."

नाव काय, कोणी पाहिलं, कुठून पाहिलं. पंचवीस वर्षं सर खाली काठाकाठाने पाणी मोजत फिरले, आणि बाबा जन्मभर आत आले नाहीत. दोघं एकदा जरी इथे सोबत उभे राहिले असते!

"सरले सांगाले पाहिजे होतं," बाबा म्हणाले आणि त्यांनी हातातलं सोनं बुरुजाच्या दगडावर ठेवलं.

मी काठाशी गेले आणि तलावाच्या पल्याड ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "जागा आहे, सर!"